तारामतीचा कौल

"डॉक्टर, डावा हात मोकळा सोडा. तिथं काय बी नाही."

"माहीत आहे मला."

"मग बोटं कशाला आवळताय?"

मी हाताकडं पाहिलं. बोटं खरंच आवळलेली होती. तेहतीस वर्षं ज्या हातानं क्लच दाबला, तो हात आता हवेतच क्लच शोधत होता. खाली डाव्या पायाचंही तेच चाललेलं. कोंबडी दाणे टिपते तसा तो गिअरचा खटका टिपत होता, आणि खटका तर नव्हताच. मी बसलो होतो त्या मोटारसायकलीला क्लच नाही, पायात गिअर नाही. मूठ पिळली की बाकीचं सगळं ती आपल्या आपण करणार. दिसायला मात्र अस्सल मोटारसायकल होती. मोठी टाकी, रुंद हँडल आणि डुगडुग असा भारदस्त आवाज. पुण्याच्या कुणा इंजिनिअरनं हौसेनं घेतली आणि परदेशी जाताना विकली, ती फिरत फिरत मिरजेत इसाक मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आली होती.

तिच्याच शेजारी दुसरी गाडी उभी होती. तिच्याकडं मी मुद्दाम बघत नव्हतो. ती स्कूटर होती. साधी नव्हे, चांगली म्हशीएवढी. पुढं काच, खाली रुंद बैठक, आणि पाय ठेवायच्या जागी मधोमध उंचवटा.

"ही एकदा बघा तरी," इसाक म्हणाला.

"इसाक, खुर्चीला चाकं लावली म्हणून ती गाडी होत नाही."

"खुर्चीवर बसल्यावर पाय मोडत नाही, डॉक्टर."

पायाचा विषय निघाला तसा मी डावा पाय हळूच मागं ओढून घेतला.

मी भूपाल मगदूम. दूध संघाचा जनावरांचा डॉक्टर. कागदोपत्री पशुधन पर्यवेक्षक, पण गावात तेवढं लांबलचक कोण म्हणणार? माझ्याकडं नऊ गावं होती. लस टोचायची, म्हैस गाभण राहिली का ते तपासायचं, आणि मुख्य म्हणजे माजावर आलेल्या गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायचं. त्यासाठी लागणारं वीर्य नायट्रोजनच्या जारमध्ये गोठवलेलं असतं. तो जार मोटारसायकलीच्या मागं बांधायचा आणि सकाळी सातला निघायचं. तेहतीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. तो चुकवला तारामतीनं.

तारामती ही चिंचणीवाडीच्या हौसाक्काची म्हैस. दोन महिन्यांपूर्वी मी तिच्या गोठ्यात शिरलो आणि तिनं मागच्या पायानं माझ्या डाव्या घोट्यावर अशी एक ठेवून दिली की घोट्याचे दोन तुकडे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी आत पट्टी बसवली आणि प्लास्टर काढताना सांगितलं, "चालाल, फिराल. पण या पायानं गिअर टाकायचा नाही. आयुष्यात नाही."

माझी जुनी गाडी गोणपाट पांघरून दारात उभी राहिली. माझ्या जागी संघानं हेरवाडे नावाच्या माणसाला बदली म्हणून नेमलं. पन्नाशीचा गृहस्थ. त्याला सायकलसुद्धा येत नव्हती. एस.टी.नं फाट्यावर उतरायचा आणि एका खांद्याला जार, दुसऱ्या हातात छत्री घेऊन वस्त्यांवर चालत जायचा. मी ऐकून पोट धरून हसलो होतो.

माझं हसू फार टिकलं नाही. आठवड्याभरातच नऊ गावांतून बातम्या येऊ लागल्या. "नव्या डॉक्टरच्या हाताला गुण हाय. सुई टोचली तरी म्हस हलत न्हाई." म्हातारी माणसं तर म्हणत होती, त्याला कसला तरी मंत्र येतो. शेवटी संघाच्या चेअरमननी मला फोन केला.

"मगदूम, एक तारखेपर्यंत फेरी सुरू करा. नाहीतर नऊ गावं हेरवाडेंच्या नावावर करतो. तुम्हाला संकलन केंद्रावर बसवू, सावलीत, फॅट मोजायला."

सावलीत बसून दुधाची फॅट मोजायची! मी, ज्याच्या मोटारसायकलीचा आवाज ओढ्यापलीकडून आला की अख्ख्या वस्तीतल्या म्हशी रेकायला लागायच्या, दाव्याला हिसके द्यायच्या, गव्हाणीवर पाय टाकून उभ्या राहायच्या! मुक्या जनावराला माणूस कळतो हे मी संघाच्या वार्षिक सभेत भाषणात सांगितलं होतं. "माझी गाडी ओळखून जनावरं मला साद घालतात," असं म्हटल्यावर केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. ही साद हेरवाडेच्या छत्रीला कुणी घालत होतं का? म्हणून मला मोटारसायकलच हवी होती, तशीच दिसणारी आणि तशीच वाजणारी. एक तारखेला चार दिवस उरले होते.

"बसा, एक चक्कर मारा स्कूटरवर," इसाक काही पिच्छा सोडेना. "मी मागं बसतो."

त्याचं समाधान करावं म्हणून बसलो. बैठक ऐसपैस होती, हे मी त्याला सांगितलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथं एक कुत्रं आडवं आलं. मी सवयीनं डाव्या हातानं क्लच दाबला, अगदी मुठीत जीव एकवटून. स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. स्कूटर जागच्या जागी थिजली, इसाक मिस्त्री माझ्या पाठीवर येऊन आदळला आणि त्याच्या दाढेतला तंबाखू माझ्या मानेवर सांडला. कुत्रं मात्र निवांत उभं राहून आम्हाला न्याहाळत होतं.

"बघितलंस?" मी विजयी मुद्रेनं म्हणालो. "ही गाडी धोक्याची आहे."

"गाडी?" इसाक नाक चोळत म्हणाला. "गाडीनं काय केलं?"

घरी पद्माचं मत वेगळंच होतं. पद्मा माझी बायको. दोन महिने मी घरात बसून तिचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले होते, दूध तापताना देखरेख केली होती आणि भाकरी थापण्याबद्दल दोन सूचनाही दिल्या होत्या.

"अहो, तुम्ही कशावरही बसा," ती म्हणाली, "पण घराबाहेर पडा."

"कशावरही म्हणजे?"

"स्कूटर घ्या. इसाकभाई सांगत होते, सीटखाली दोन पिशव्या बसतात."

"मला काय भाजी आणायला जायचंय?"

"मग काय न्यायचंय? मिशा? त्या तोंडावर बसतात की."

मी रागानं उठून गॅलरीत गेलो. घोट्यामुळं रागानं उठायलाही वेळ लागत होता, त्यामुळं त्यात फारशी मजा राहिली नव्हती.

तीस तारखेला सकाळी सहाला फोन वाजला. हौसाक्का होती.

"डाक्टर, तारामती पहाटंपास्नं रेकतीया. माजावर आलीया. येनार हायसा का त्या हेरवाड्याला सांगू?"

मी ताठ बसलो. हौसाक्का म्हणजे चेअरमनची सख्खी चुलती. तिच्या गोठ्यात काय घडलं ते तासाभरात संघाच्या ऑफिसात पोचायचं. आज तारामतीचं काम माझ्या हातून नीट झालं तर उद्या नऊ गावं माझी. नाही झालं तर सावली आणि फॅट.

"येतो, आक्का. आत्ता येऊन बघून जातो, संध्याकाळी भरवू."

आमच्या कामातला हा नियमच आहे. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवायची, म्हणजे रेतन करायचं, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे दिवसात दोन खेपा. मी इसाककडून ती आपोआप गिअरची मोटारसायकल मागून घेतली आणि निघालो.

काय सांगू, तासाभरासाठी मी पुन्हा तोच भूपाल मगदूम झालो. वारा, उसाची शेतं आणि खाली डुगडुग डुगडुग. डावा पाय अधूनमधून टिपत होता, त्याला टिपू दिलं. ओढा ओलांडला आणि पलीकडून आवाज आला. तारामती रेकत होती! मग शेजारच्या गोठ्यातली, मग त्याच्या पलीकडची. माझे डोळे भरून आले. म्हटलं, बघ हेरवाडे, तुझ्या छत्रीला हे जमायचं नाही.

गोठ्यासमोर गाडी उभी केली आणि कायमच्या सवयीनं इंजिन चालूच ठेवून उतरलो. जुन्या गाडीला किक मारून मारून ही सवय लागली होती. न्यूट्रल करायची, डुगडुग चालू ठेवायची, काम उरकायचं, निघायचं. या गाडीला न्यूट्रल करायला बटण होतं. बटण दाबायचं असतं, हे मी साफ विसरलो.

दोन पावलं टाकतोय तोच गोठ्यातून कडाडकन आवाज आला. तारामतीनं खुंट उपटला होता. दावं, खुंट आणि गव्हाणीची एक फळी असा सगळा संसार मागं ओढत ती बाहेर आली. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं आणि उधळली ती थेट उसात. मी घाबरून आधाराला गाडीचं हँडल धरलं. डाव्या हातानं क्लच आवळला, जो नव्हता. उजव्या हाताची मूठ मात्र नीट पिळली गेली. गाडी मला घेऊन निघाली. मी पळत होतो की लोंबकळत होतो ते सांगता येणार नाही, पण हौसाक्काच्या उकिरड्यात आम्ही दोघं एकदमच शिरलो.

"अगं आई गं!" हौसाक्का धावत आली. मला वाटलं माझ्यासाठी. ती माझ्या शेजारून सरळ उसाकडं गेली.

तिघाचौघांनी मिळून म्हशीला परत आणायला दीड तास लागला. मी तोवर शेणात बसून होतो, कारण उठायला जायचं तर घोटा हो म्हणत नव्हता. नशीब, हाड शाबूत होतं.

"सांच्याला एकदा बगते," हौसाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तवा बी असं झालं तर हेरवाड्याला बोलवनार. मला म्हस जड झाली न्हाई."

इसाक टेम्पो घेऊन आला. त्यानं मोटारसायकलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पाइपनं आधी मोटारसायकल धुतली.

"हिला दोन दिवस तरी लागतील," तो म्हणाला. "आता ती एकच उरली."

संध्याकाळी साडेचारला मी मान खाली घालून स्कूटरवर बसलो. जार कुठं ठेवायचा हा नवा पेच आला. तो उभाच राहिला पाहिजे. पायापाशी उंचवटा, तिथं बसेना. सीटखाली उंची पुरेना, मागं बांधायला कॅरिअर नव्हतं. शेवटी पद्मा पदर खोचून मागं बसली आणि तिनं जार मांडीवर घेतला, लेकराला लस टोचायला नेताना घेतात तसा.

"चला," ती म्हणाली. "आणि डावा हात आवरा. इसाकभाईंचं नाक बघितलंय मी."

संपूर्ण रस्ताभर मी डाव्या हाताची बोटं फैलावून धरली होती. वाटेत भेटणाऱ्या लोकांना वाटलं मी आशीर्वाद देतोय. दोघांनी उलट नमस्कार केला.

ओढा ओलांडला. मी कान टवकारले. काहीच नाही. स्कूटर आपली पिठाच्या गिरणीसारखी घुमत चालली होती आणि वस्तीवरून एक म्हैस रेकेना. गोठ्यापुढं थांबलो तरी आत सामसूम. तारामती गव्हाणीपाशी डोळे मिटून रवंथ करत होती. मी दारात उभा राहिलो, खाकरलो. तिनं एक डोळा उघडला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि परत मिटला.

"पद्मा," मी हळूच म्हणालो, "हिला बरं नाही. हिनं मला ओळखलं नाही."

"आधी काम करा."

मी हातमोजा चढवला, जारमधून वीर्याची कांडी काढली, कोमट पाण्यात वितळवली. मनात म्हटलं, आता बसणार दुसऱ्या घोट्यावर. पण तारामतीनं शेपटीसुद्धा हलवली नाही. पाच मिनिटांत काम झालं. तेहतीस वर्षांत एवढ्या शांतपणे माझं कुठलंच काम झालं नव्हतं.

तेवढ्यात हौसाक्का घरामागच्या परड्यातून आली आणि आम्हाला बघून दचकलीच.

"अगं बया! कवा आलासा? आवाज न्हाई का काय न्हाई."

"आक्का, काम झालं. पण हिला काही होतंय का? मी आलो तरी रेकली नाही. एरवी मला बघून केवढी साद घालते."

"साद?" हौसाक्कानं पद्माकडं बघितलं. "डाक्टर, ती बोंब मारती."

"म्हणजे?"

"म्हंजी तुमची फटफटी वाजली की समद्या वस्तीला कळतं, सुई आली. एक म्हस वरडली की दुसरी वरडती. आमी तर तुमची फटफटी ऐकली की आदी ल्हान पोरं गोठ्यातनं भाईर काडतो. त्या दिशी बी तुमी फटफटी चालूच ठिवली हुती. म्हनून तर लाथ बसली."

"पण मी सभेत भाषण केलं होतं! टाळ्या वाजवल्या होत्या तुम्ही!"

"वाजवल्या की. आता एवडा डाक्टर मानूस, तोंडावर कोन सांगनार?"

माझ्या मागून फुसफुस आवाज आला. मला वाटलं जारचं झाकण सैल झालं. पद्मा होती. जार छातीशी धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जारमधून पांढरी वाफ निघत होती.

"आणि तो हेरवाडे?" मी विचारलं. "त्याच्या हाताला गुण आहे म्हणे."

"कशाचा गुण? त्यो चालत येतो. म्हशीला कळायच्या आत सुई टोचून निगून जातो."

मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पाय मोडला तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं. तेहतीस वर्षं, नऊ गावं, हजारो जनावरं, आणि मी ज्याला माया समजून मनातल्या मनात फुगत होतो, ती बोंब होती.

परत येताना ओढ्याच्या अलीकडं आल्यावर पद्मा म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही कधी त्यांच्याकडं नुसते गेलात का? सुई न घेता?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी एक तारखेला मी ती स्कूटर घेतली, इसाककडून मागं जारसाठी कॅरिअर बसवून घेतलं आणि फेरी सुरू केली. चेअरमनना चुलतीकडून बातमी मिळालीच होती. "मगदूम, म्हैस हलली नाही म्हणे! मंत्र शिकलात काय?" असं ते फोनवर म्हणाले. मी म्हटलं, होय. हेरवाडेंना दुसऱ्या भागात पाच गावं मिळाली. मी स्वतः त्यांना स्कूटरवर मागं बसवून तिकडं सोडून आलो. त्यांनी वाटेत छत्री उघडायचा प्रयत्न केला, पण ते जाऊ दे.

सुखाचे दीड महिने गेले. मग एका सकाळी ओढा ओलांडला आणि पलीकडून तारामती रेकली. तीच बोंब, खुंट उपटायच्या तयारीतली. तिनं स्कूटरही ओळखली होती.

त्या दिवशी मी तिकडून तसाच मागं फिरलो. बाजारातून शेंगदाण्याची पेंड घेतली. सीटखालच्या जागेत पद्मा म्हणाली तशा बरोबर दोन पिशव्या बसल्या. दर रविवारी, जार न घेता, सुई न घेता, मी आणि पद्मा चिंचणीवाडीला जायचो. पहिल्या रविवारी तारामतीनं पेंड खाल्ली नाही. दुसऱ्या रविवारी मी बाहेर गेल्यावर खाल्ली. तिसऱ्या रविवारी माझ्यासमोर खाल्ली, पण एक डोळा माझ्या खिशावर होता. मी खिसे उलटे करून दाखवले. हौसाक्का हे बघून म्हणायची, "डाक्टरला पायाचा मार डोस्क्यात गेला वाटतं." मी तारामतीची मान खाजवत बसायचो.

तारामती गाभण राहिली होती. पाचवा महिना लागला असेल. असाच एक रविवार होता, पद्मा मागं आणखी तीन पिशव्या सांभाळत बसली होती, कारण आता दोन पुरत नव्हत्या. शेजारच्या गोठ्यांनाही कळलं होतं. आम्ही ओढ्यात उतरलो आणि पलीकडून आवाज आला. लांब, खालच्या पट्टीतला, रेडकाला हाक मारताना म्हैस काढते तसला. तेहतीस वर्षं गोठ्यात काढलेल्या माणसाला हा आवाज आणि बोंब यांतला फरक आधीच कळायला हवा होता. माझ्यासाठी तो पहिल्यांदाच निघाला होता.

मी भान हरपून डाव्या हातानं क्लच दाबला.

स्कूटर ओढ्याच्या मधोमध थिजली. पद्मा तिन्ही पिशव्यांसकट माझ्या पाठीवर आदळली आणि माझ्या कॉलरमधून पेंड आत गेली.

"अहो!" ती ओरडली.

"ऐकलंस?" मी म्हणालो.

ती काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात तारामतीनं पुन्हा हाक मारली, आणि पद्मा माझ्या मानेवरची पेंड झाडायला लागली.